कृपाण आणि शाळेचं दार

आपल्या गुहागरात आकडीत कोयती अडकवून माणूस बागेत निघाला तर कुणी दचकतं का? नाही. ती कशासाठी आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. कृपाणाबाबत ही ओळखच नसते.

१६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. १७०८ मध्ये त्यांचा देहान्त झाला तो आपल्या नांदेडला. अमृत घेतलेल्या शिखाने कृपाण अंगावरून उतरवायचं नसतं. आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणं शीख धर्माचरणात धरलेलं आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब, आपल्याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे! मात्र कृपाणाची लांबी किती, शाळेत काय करायचं, हे तिथं सांगितलेलं नाही.

तो प्रश्न कॅनडात धसाला लागला. २००१ साली माँट्रियलला एका विद्यार्थ्याचं कृपाण शाळेच्या आवारात पडलं आणि पुढे त्यावर बंदी आली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कृपाण लाकडी म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत असेल तर धोका खरोखर किती? शाळेत कात्र्या असतात, चेंडूफळीच्या बॅटीही असतात. न्यायालयाने वस्तूकडे पाहिलं नाही, त्या मुलाकडे पाहिलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. निकाल लागेपर्यंत तो मुलगा मात्र खासगी शाळेत निघून गेला होता.