दोन प्लग, तीन व्हॉल्व्ह

सांगोल्यात गॅरेजवाल्याने जुनी पल्सर उघडली की एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिसतात. पुण्याच्या बजाज ऑटोने या रचनेसाठी १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला आणि २००५ साली पेटंट मिळवलं. ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या छोट्या इंजिनात दोन प्लग, हा दाव्याचा गाभा. २००७ च्या अखेरीस टीव्हीएसची ‘फ्लेम’ आली. प्लग दोनच, पण व्हॉल्व्ह तीन. ही गाडी दाव्याच्या कुंपणात येते की नाही?

असं दाव्याचं कुंपण पूर्वी सक्तीचं नव्हतं. भारतातला पहिला पेटंट अर्ज १८५६ सालचा, कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंगचा, पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी. हक्क नेमका कशावर, हे अर्जाच्या शेवटी ‘दावा’ म्हणून वेगळं लिहायची सक्ती इंग्लंडमध्ये १८८३ ला झाली आणि १९११ च्या कायद्याने आपल्याकडेही आली. सक्ती आली तशी शब्द सैल ठेवण्याची हुशारीही आली.

ती हुशारी मिर्झापूरच्या भांडीवाल्यांना उपयोगी पडली नाही. लेथवर भांडं पकडण्याच्या त्यांच्या युक्तीचं पेटंट अपिलांतून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १३ डिसेंबर १९७८ ला न्या. सरकारिया यांनी सांगितलं की, आधी वर्णन वाचा, मग दावे. तसं वाचल्यावर युक्तीत कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे काही उरलं नाही आणि पेटंट गेलं. उलट ब्रिटनमध्ये कॅटनिक कंपनीच्या पोलादी लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) दाव्यात मागचा पत्रा ‘उभा’ म्हटला होता. प्रतिस्पर्ध्याने तो सहा ते आठ अंश कलवला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८० साली ठरवलं की, बांधकामाच्या माणसाला हाही उभाच वाटेल.

बजाजचा पेच या दोन्हींच्या मधला. शब्द ताणावेत तर होंडाचं दोन प्लगांचं जुनं पेटंट पुढ्यात येतं आणि नवेपणावरच प्रश्न उभा राहतो. आवळावेत तर तीन व्हॉल्व्हची ‘फ्लेम’ निसटते. माझ्या मते ऐसपैस दाव्याची खरी किंमत इथेच मोजावी लागते. बजाजच्या खटल्यात फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी टीव्हीएसला रोखलं. मे २००९ मध्ये अपिलात खंडपीठाने ती मनाई उठवली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला हिशेब ठेवून विक्री करू दिली आणि नोव्हेंबरअखेर खटला संपवायला सांगितलं. तो संपला २०१९ मध्ये, दोन्ही कंपन्यांच्या समेटाने. तिसऱ्या व्हॉल्व्हवर अंतिम निकाल कधी आलाच नाही.