किंडर स्काउट : माळ, मालकी आणि वाटेचा हक्क

इंग्लंडमधील मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या दरम्यान किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. अशा प्रदेशाला 'मूर' म्हणतात. मूर म्हणजे उंचावरचे उघडेबोडके माळरान, जेथे हीथर नावाचे जांभळ्या फुलांचे खुरटे झुडूप माजते आणि पायाखाली पीट, म्हणजे ओलाव्यात अर्धवट कुजून हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचा काळा थर, असतो. हा माळ चढताना जाणवणारी निर्जनता मात्र केवळ निसर्गाने दिलेली नाही. तिच्यामागे जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे.

पूर्वी या माळावर गावकऱ्यांची जनावरे चरत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संसदेच्या कायद्यांन्वये ही सामाईक कुरणे खाजगी मालकीत गेली आणि पुढे ग्राउज या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखली गेली. हीथरचे कोवळे कोंब हे या पक्ष्याचे मुख्य खाद्य असल्यामुळे मालकांचे रखवालदार जुनी झुडपे पट्ट्यापट्ट्यांनी जाळून नवी पालवी फुटू देत, आणि १२ ऑगस्टला सुरू होणाऱ्या हंगामापूर्वी पक्षी बुजू नयेत म्हणून वाटसरूंना हुसकावून लावत. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांना रविवारी सहज गाठता येणारा हा डोंगर अशा रीतीने त्यांनाच बंद झाला.

पायवाटांच्या रक्षणासाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या प्रयत्नांनी १८९७ मध्ये हेफील्ड गावाहून विल्यम क्लफ या घळीतून जाणारी वाट खुली झाली; तरी ती सोडून माळावर पाऊल टाकण्यास मनाई कायम राहिली. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे ४०० जणांनी ही मनाई उघडपणे मोडली. या घळीच्या चढावर त्यांची रखवालदारांशी झटापट झाली. परक्याच्या जमिनीवर नुसते चालणे हा फौजदारी गुन्हा नसल्यामुळे खटला दंगलीसारख्या आरोपांखाली चालला आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली.

या शिक्षांमुळे चळवळीला व्यापक सहानुभूती मिळाली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये किंडरसह पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले, आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील नकाशांवर निश्चित केलेल्या खुल्या माळांवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा अधिकार दिला. किंडरवर एकट्याने चढण्याचे सुख व्यक्तिगत असले, तरी त्यामागचा हक्क अनेकांनी एकत्र चालून, काहींनी तुरुंगवास सोसून, सर्वांसाठी मिळवलेला आहे.