२० मे : पिक्टांचा विजय, पिक्टांचे दगड
२० मे ६८५ रोजी, आजच्या स्कॉटलंडमध्ये, डन नेख्टनच्या लढाईत पिक्ट या तिथल्या प्राचीन लोकांचा राजा ब्रूडी याने शेजारच्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा राजा एगफ्रिथ याचा पराभव केला. एगफ्रिथ रणातच पडला. ही हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः बीडसारख्या नॉर्थम्ब्रियाच्याच लेखकाकडून. विजेत्यांनी मागे ठेवले ते कोरीव दगड. त्यांवर चंद्रकोर, मोडलेले बाण, आरसा-कंगवा, साप आणि कोणत्याच खऱ्या जनावराशी न जुळणारा एक लांबतोंड्या पशू दिसतो. या चिन्हांचा अर्थ अजून लागलेला नाही. ॲबरलेम्नोच्या चर्चच्या आवारातल्या शिळेवर घोडेस्वार, भालेकरी आणि पडलेल्या योद्ध्याला टोचणारा पक्षी आहे. हीच ती लढाई, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. शिळा मात्र बहुधा बरीच नंतरची.

दगडांना ऊन-पावसाने जेवढे छळले नाही, तेवढे माणसाने छळले. १६७६ मध्ये हिल्टन ऑफ कॅडबोलच्या देखण्या शिळेची एक बाजू तासून तिथे चक्क एका गृहस्थाचा आणि त्याच्या तीन बायकांचा स्मृतिलेख कोरला गेला. बर्गहेडला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवे गाव आणि बंदर बांधताना पिक्टांचा जुना किल्लाच मोडला. बैल कोरलेल्या सुमारे ३० शिळा तिथे निघाल्याचे सांगतात. आज शिल्लक आहेत ६. शोध अजून चालूच आहेत. ॲबरलेम्नोजवळच्या शेतात ॲबर्डीन विद्यापीठाच्या पथकाला अलीकडेच एक चिन्हशिळा सापडली, ती एका मध्ययुगीन इमारतीच्या फरशीत बसवलेली होती.