हस्ताक्षराची पारख

इटलीतील प्रातो नगरात 1870 साली एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालील कोनाड्यातून कागदांनी भरलेली पोती निघाली. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या! हा सारा पसारा फ्रान्चेस्को दातीनी या व्यापाऱ्याचा. 1348 च्या महामारीत पोरका झालेला हा मुलगा पुढे आव्हिन्यो येथे गेला. पोपमहोदयांचे वास्तव्य तेव्हा त्या नगरात होते. तेथे शस्त्रास्त्रे विकून तो गबर झाला आणि 1410 साली निवर्तताना आपली बहुतेक संपत्ती प्रातोतील गोरगरिबांच्या नावे करून गेला.

दातीनीच्या पेढ्या फ्लॉरेन्स, जिनोव्हा, बार्सिलोना, मायोर्का अशा ठिकाणी होत्या. एका पेढीने लिहिलेल्या चिठ्ठीवर दूरच्या पेढीने रोख रक्कम मोजायची, असा व्यवहार. मध्ये कित्येक दिवसांचा प्रवास. मग समोर आलेली चिठ्ठी खरी की बनावट, हे ओळखायचे कसे? चिठ्ठीवरच्या सहीपेक्षा तिच्या हस्ताक्षराला महत्त्व असे. चिठ्ठ्या लिहिण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, हे त्या माणसाच्या अक्षराच्या नमुन्यासह दूरच्या पेढ्यांना कळविले जाई. शिवाय अमुक चिठ्ठी काढली आहे, अशी वर्दी स्वतंत्र पत्राने जाई. अक्षर जुळले नाही, तर पैसे मिळत नसत.

आज संगणकाच्या सुरक्षिततेविषयी लहान व्यापाऱ्याला जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग मला या पोत्यांत सापडतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ई-मेल येतो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी.’ पत्ता ओळखीचा दिसतो, भाषाही ओळखीची. अशा वेळी त्याच ई-मेलला उत्तर पाठवून खात्री करणे व्यर्थ, कारण उत्तर देणाराही भामटाच असणार. आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दातीनीची वर्दी वेगळ्या पत्राने जाई, ती याचसाठी.

फ्रान्सिस्कन संन्यासी लुका पाचोली यांनी 1494 साली व्हेनिसमध्ये आपला गणितावरील ग्रंथ छापला. त्यात जमाखर्चावर एक प्रकरण आहे. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी या तीन वह्या ते सांगतात. कच्च्या वहीत घरची-दुकानची सगळीच माणसे लिहीत. म्हणून आपल्या मालमत्तेची यादी तिच्यात लिहू नये, आपल्याजवळ काय आहे हे सर्वांना कळणे बरे नव्हे, असा त्यांचा इशारा. वह्या व्यापारी अधिकाऱ्यांकडे नेऊन त्यांवर शिक्का घ्यावा आणि त्यांत कोणाचे अक्षर असणार हेही तेथे नोंदवावे, असे ते बजावतात. गिऱ्हाइकाला एक वही आणि विकणाऱ्याला दुसरी दाखविणाऱ्यांचाही त्यांनी समाचार घेतला आहे. (ही जमात अद्याप नामशेष झालेली नाही!) आपल्याकडील कितीतरी दुकानांत मालक, मुलगा, नोकर असे सारे एकच पासवर्ड वापरतात आणि तो गल्ल्यावरच चिकटवलेला असतो. उद्या नोंदीत फेरफार झाला, तर हात कोणाचा म्हणायचे? प्रत्येकाला वेगळा प्रवेश द्यावा, तोही त्याच्या कामापुरताच, आणि नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा.

आपल्या देशी हुंडीची सावधगिरी तर वाखाणण्याजोगी. रक्कम अंकांत, अक्षरांत, शिवाय ‘निमे इतक्याची दुप्पट’ अशी लिहीत. हुंडी हरवली तर ‘पेठ’ आणि तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’ काढता येई. संगणकातील हिशेबाची मात्र दुसरी प्रत अनेकांजवळ नसते. खंडणीखोर विषाणू धारिका कुलूपबंद करतो, तेव्हा जोडून ठेवलेली प्रतही त्यात सापडते. म्हणून एक प्रत संगणकापासून अलग काढून ठेवलेली हवी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहायला हवे.

‘आमच्या छोट्या धंद्याकडे कोण पाहतो?’ असे म्हणणाऱ्यांनी 2013 सालचे अमेरिकेतील प्रकरण आठवावे. टार्गेट या विशाल दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते शीतयंत्रणेचे काम करणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील एका लहान कंत्राटदाराचा पासवर्ड हस्तगत करून. मोठ्या वाड्याची किल्ली त्या छोट्या दुकानात होती.

आपल्या गल्ल्याशेजारी आता यूपीआयचा चौकोन असतो. पैसे स्वीकारण्यासाठी त्यात पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो, तो पैसे काढून घेत असतो. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या पडद्यापेक्षा आपल्या खात्यातील जमा पाहावी. आणि फसगत झालीच, तर लाजेखातर दोन दिवस गप्प न बसता लगेच 1930 या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. चोरलेली रक्कम काही तासांत खात्यामागून खाती बदलते. ती गोठवता येते ती तोवरच.