झाकणावरचं नाव



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, की छडी, मधली सुट्टी आणि सहल या तीन विषयांवर भरपूर लेख आले आहेत, तू दुसरं काहीतरी लिही. गेली दहाबारा वर्षं मला पटावरच्या खेळांचा नाद आहे हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले दोघे तर दर रविवारी माझ्याकडून हरतात. म्हणून या खेळांना मिळणाऱ्या एका जर्मन पुरस्काराचा इतिहास लिहितो. आपल्या वर्गाचा त्याच्याशी काय संबंध, ते ओघात येईलच.

पुस्तकाला लेखक असतो, गाण्याला संगीतकार असतो. खेळाला मात्र कर्ता नसतो असं आपण धरून चालतो. सारीपाट कोणी शोधला, पचिसी कोणी मांडली, हे आपण कधी विचारलं नाही. त्याच पचिसीला थोडं सोपं करून इंग्लंडमध्ये १८९६ साली ‘ल्यूडो’ नावाने पेटंट घेतलं गेलं आणि तोच ल्यूडो आपल्याकडे रंगीत पुठ्ठ्यावर छापून परत आला. सापशिडीचंही तसंच. आपल्याकडे तिचं जुनं रूप मोक्षपट. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटच्या घरात मोक्ष. परंपरा त्याचं कर्तृत्व ज्ञानेश्वर माउलींना देते. पण आपण यात्रेतून विकत आणलेल्या सापशिडीवर ना माउलींचं नाव होतं, ना मोक्षाचं. उरले होते ते साप.

जुन्या खेळांचं हे समजण्यासारखं आहे. शेकडो वर्षांत अनेक हातांनी ते घडवले. पण कालपरवाच्या खेळांचंही तेच झालं. आपण मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळायचो, त्याचा मूळपुरुष अमेरिकेतला ‘मोनोपॉली’. खरं तर मूळपुरुष म्हणणं चूक आहे, कारण तो खेळ एका बाईने रचला. त्यांचं नाव एलिझाबेथ मॅगी. १९०४ साली त्यांना ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’ या खेळाचं पेटंट मिळालं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की भाडेकऱ्यांचं काय होतं, हे लोकांना खेळातून समजावं हा त्यांचा हेतू. खेळ हातोहात पसरला, लोकांनी आपापल्या गावांची नावं घालून घरीच पट बनवले. त्यातलाच एक पट चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांनी १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीला स्वतःचा म्हणून विकला आणि ते लक्षाधीश झाले. कंपनीने मॅगीबाईंचं पेटंटही विकत घेतलं, ५०० डॉलरला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं जगाला डॅरो हेच नाव माहीत होतं. १९७०च्या दशकात एका प्राध्यापकांच्या ‘अँटी-मोनोपॉली’ या खेळावरून कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा जुने कागद बाहेर आले आणि मॅगीबाई सापडल्या. त्या १९४८ सालीच गेल्या होत्या.

त्याच दशकाच्या शेवटी, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, या गोष्टीला वेगळं वळण लागलं. तिथे वर्तमानपत्रांत पुस्तकांसारखीच नव्या खेळांची परीक्षणं छापून येत. अशी परीक्षणं लिहिणारे काही जण १९७८ साली एकत्र आले आणि त्यांनी दर वर्षी एका खेळाला पुरस्कार द्यायचं ठरवलं. नाव साधंच, ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’. खेळ बनवणारे किंवा विकणारे यांना परीक्षक मंडळात जागा नाही, हा नियम. खेळाची कल्पना कशी आहे, नियम नीट समजतात का, मांडणी आणि बनावट कशी आहे, हे पाहायचं. पुरस्कारात रोख रक्कम एक पैसाही नाही. फक्त खोक्यावर लाल सोंगटीचं चिन्ह छापता येतं आणि त्यासाठी उलट प्रकाशकानेच मंडळाला शुल्क द्यायचं. मंडळाचा खर्च त्यातून चालतो. तरी प्रकाशक या चिन्हासाठी जीव टाकतात, कारण लाल सोंगटी दिसली की जर्मन आईबाप नाताळात तो खेळ घरी नेतात आणि खप लाखांत जातो.

पहिला पुरस्कार १९७९ साली मिळाला तो एका इंग्रज माणसाच्या खेळाला. डेव्हिड पार्लेट हे खेळांचे इतिहासकार. त्यांचा खेळ ‘ससा आणि कासव’. गोष्ट तीच, आपल्या बालभारतीतली. पण गंमत नियमात आहे. शर्यतीत सोंगटी पुढे न्यायला फासा टाकायचा नाही, गाजरं मोजायची. एक घर पुढे जायला एक गाजर, दोन घरांना तीन, तीन घरांना सहा, आणि एकदम दहा घरं उडी मारायची तर पंचावन्न. आपल्या गणिताच्या बाईंना ही श्रेढी लगेच ओळखू येईल. गाजरं संपली की मागे कासवाच्या घरात जायचं. जितकी घरं मागे जाल त्याच्या दहापट गाजरं मिळतात. म्हणजे धावायचं किती आणि दम खायचा कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नशिबाचा वाटा अगदी थोडा. शर्यत संपेपर्यंत सगळे खेळात. ‘व्यापार’मध्ये दिवाळं निघालेला भिडू तासभर दुसऱ्यांच्या नोटा मोजत बसायचा, तसं इथे होत नाही.

पुरस्काराने एक गोष्ट नकळत साधली. वर्तमानपत्रात विजेत्या खेळाची बातमी आली, की हा कोणी रचला हे त्यात येऊ लागलं. खोक्यावर मात्र प्रकाशकाचंच नाव ठळक. कर्त्याचं नाव असलंच तर नियमांच्या पुस्तिकेत, बारीक अक्षरात. १९८८ साली न्यूरेम्बर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत जमलेल्या खेळकर्त्यांना हे फार झालं असं वाटलं. हॉटेलात बसल्या बसल्या त्यांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवतात तो पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि त्यावर लिहिलं, की झाकणावर नाव छापणार नसेल त्या प्रकाशकाला आमच्यापैकी कोणीही खेळ देणार नाही. खाली तेरा सह्या. वकील नाही, मुद्रांक नाही. पुढाकार राइनहोल्ड विटिग यांचा. काही वर्षांत प्रकाशक नमले, १९९१ साली खेळकर्त्यांची रीतसर संघटना उभी राहिली आणि झाकणावर नाव येणं ही तिकडे रीत झाली.

त्याचं फळ सात वर्षांनी जगाने पाहिलं. डार्मस्टाट शहराजवळ क्लाउस टॉयबर नावाचे दंततंत्रज्ञ होते. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. संध्याकाळी घराच्या तळघरात ते खेळ रचत आणि बायकोमुलांना बसवून तपासत. १९८८, १९९० आणि १९९१ असे तीनदा त्यांना हा पुरस्कार मिळाला होता, पण दवाखान्यांची कामं सोडता आली नव्हती. १९९५ साली त्यांचा ‘कटान’ आला आणि चौथ्यांदा लाल सोंगटी मिळाली. एका निर्जन बेटावर वस्ती करायची, लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज गोळा करायचं, आणि जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याशी घासाघीस करून मिळवायचं. फासा कोणीही टाको, त्या आकड्याजवळ ज्याची वस्ती त्याला माल मिळतो, म्हणून दुसऱ्याचा डाव असतानाही सगळे कान टवकारून बसतात. कटानच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्याच्या खोक्यावर टॉयबर यांचं नाव आहे. एप्रिल २०२३मध्ये ते वारले, तेव्हा जगभरातल्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. खेळ रचणाऱ्या माणसाला एवढा मोठा निरोप मिळालेला मला दुसरा आठवत नाही.

नंतरचे विजेतेही आपल्याकडच्या घरांत पोहोचले आहेत. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा ‘कार्कासोन’ २००१ सालचा, ॲलन मून यांचा ‘तिकिट टू राइड’ २००४चा. या दुसऱ्या खेळात रेल्वेमार्ग बांधत गावं जोडायची असतात; मूळ नकाशा अमेरिकेचा, पण पुढे भारताचाही निघाला. २०११पासून जरा अवघड खेळांसाठी वेगळा पुरस्कार देतात. तो २०१९ साली ‘विंगस्पॅन’ या पक्ष्यांवरच्या खेळाला मिळाला. झाकणावर नाव एलिझाबेथ हारग्रेव्ह. एका एलिझाबेथच्या पेटंटनंतर ११५ वर्षांनी दुसऱ्या एलिझाबेथचं नाव सगळ्यांना वाचता आलं, असं माझ्या मनात येतं.

आता आपल्याकडे वळतो.

नववी ब. ऑफ तास. मागच्या बाकावर दुरेघी वहीचं मधलं जोडपान पसरलेलं, त्यावर आपल्या गावापासून मुंबईपर्यंतचे एस्टीचे थांबे गोल गोल काढलेले. प्रत्येकाला वीस चिंचोके. लाल डब्याने गेलं तर एका थांब्याला एक चिंचोका. एशियाड गाडी चार थांबे एकदम नेणार, पण आठ चिंचोके घेणार. चिंचोके संपले की एखाद्या थांब्यावर उतरून एक डाव हमाली करायची, पाच चिंचोके मिळणार. बाद कोणी होत नसे. फासा नव्हता, कारण खडूचे फासे केले की फळ्यासाठी खडू उरत नाहीत म्हणून बाई ओरडत. आठवलं ना? पुढच्या बाकावरच्या मुलीही शेवटी शेवटी खेळायला लागल्या होत्या.

पार्लेटसाहेबांच्या गाजरांचे नियम मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आधी ते चिंचोकेच दिसले. घाई केली तर महाग पडते, दम खाल्ला तर पुंजी मिळते, आणि हरणाराही शेवटपर्यंत खेळात राहतो. आमच्या वर्गातल्या ज्या मुलाने हे रचलं, त्याच्या कानावर या इंग्रज गृहस्थांचं नाव येणं शक्यच नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की वडिलांबरोबर बाजाराला जाताना गाडीचं भाडं खिशाला किती लागतं.

शाळेच्या प्रदर्शनात तो पट पुठ्ठ्यावर चिकटवून मांडला होता. खाली चिठ्ठी होती, ‘इयत्ता नववी ब’. तेव्हाची रीतच तशी होती; वर्गाचं ते सगळ्यांचं. पुढे पुठ्ठा कुठे गेला कोणास ठाऊक. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे, मागच्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘एस्टीचा खेळ’ हा विषय निघाला, तेव्हा तो कोणाचा यावर चार जणांची चार उत्तरं आली. तो स्वतः ग्रुपवर आहे. त्याने काहीच लिहिलं नाही.

मॅगीबाईंना न्याय मिळायला एक खटला लागला, जर्मन खेळकर्त्यांना तेरा सह्या लागल्या. आपल्याला एक फोन पुरला. मी त्याला विचारलं, “स्मरणिकेत तुझं नाव छापू का?” तो बराच वेळ हसला. म्हणाला, “घरी बायकोलाही माहीत नाही रे हे. छापू नको. मी येतोच आहे संमेलनाला. काय सांगायचं ते सगळ्यांसमोर सांग, तीपण असेल.”

म्हणून नाव इथे नाही. पट मात्र त्याने पुन्हा काढायला घेतला आहे. थांब्यांचा क्रम त्याला अजून पाठ आहे आणि दोन नियम सुधारायचे आहेत म्हणतो. खोकं मी करून आणतो आहे. झाकणावर जागा मोकळी ठेवली आहे. संमेलनाच्या दिवशी तिथे त्याचं नाव आपल्या चित्रकलेच्या सरांनी त्यांच्या हस्ताक्षरात लिहावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

येताना प्रत्येकाने वीस चिंचोके आणावेत. उधार मिळणार नाहीत.