पहिलीच्या वर्षात मूल नेमके काय शिकते?

जून महिन्यात साखळीच्या बाजारात वह्या, दप्तरे आणि लहान मुलांचे रेनकोट मांडले जातात, तेव्हा घराघरांतून एकच चौकशी चालू असते, 'पोराला किती येते?' उत्तरही ठरलेले असते. शंभरपर्यंत अंक, सगळी मुळाक्षरे, एबीसीडी आणि दोन-चार गाणी. मूल काय म्हणून दाखवते यावर आपण त्याची हुशारी मोजतो. पहिलीच्या वर्गात त्याने खरोखर काय शिकणे अपेक्षित आहे आणि ते घरी कसे ओळखावे, याची माहिती सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी येथे एकत्र दिली आहे.

पूर्वीची पहिली

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते. मराठी शाळा खाजगी असत आणि देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्याच्या ओसरीवर भरत. अक्षर आधी धुळीत गिरवायचे, मग पाटीवर. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करायची. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आले आणि गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या. मी १९६५ साली अशाच एका शाळेत पहिलीत बसलो. पाठांतर आणि छडी यांवर वर्ग चाले. त्या पाठांतराला मी नावे ठेवणार नाही, बँकेच्या नोकरीत त्याचा मला खूप उपयोग झाला. पण ज्या मुलाला समजले नाही त्याच्यासाठी थांबण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. माझ्या वर्गातली कितीतरी मुले चौथीपर्यंतही पोहोचली नाहीत.

आजची चौकट

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेऊ नये आणि शाळेत शारीरिक शिक्षा होऊ नये, असे हा कायदा सांगतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा एक सलग 'पायाभूत टप्पा' आहे. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे, पहिली आणि दुसरी येतात. गोव्यात २०२३-२४ पासून या टप्प्याची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे पहिली हे आता पाच वर्षांतले चौथे वर्ष आहे.

लहान मुलाने खेळातून शिकावे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून 'अंगणवाडी' आली. अनुताई वाघ यांनी कोसबाडला हे काम आयुष्यभर पुढे चालवले.

केंद्र सरकारच्या ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' उपक्रमात इयत्तावार उद्दिष्टे दिली आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे, पूर्वी न पाहिलेले वाक्य वाचावे, ९९ पर्यंतचे अंक वाचावेत व लिहावेत आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी. अपेक्षा एवढीच आहे. आपण घरी धरतो त्यापेक्षा ती कमी वाटेल, पण 'पूर्वी न पाहिलेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाठ झालेला धडा वाचून दाखवणे म्हणजे वाचन नव्हे.

अक्षर आणि आवाज

बँकेत असताना सही करणारे, पण वाचता न येणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले. आपले नाव ते चित्रासारखे काढत. फॉर्मवर काय लिहिले आहे ते मात्र दुसऱ्याला विचारावे लागे. पहिलीतले मूल पानभर 'क' गिरवते तेव्हा तेही नुसते चित्रच काढत असू शकते. हे चिन्ह म्हणजे हा आवाज, ही जोडणी डोक्यात झाली की वाचन सुरू होते. म्हणून आता क, म, ल, न अशी थोडी अक्षरे घेऊन त्यांचे लगेच शब्द करतात आणि मग काना, वेलांटी येते.

आपल्या लिपीतही अडचणी आहेत. 'चहा' आणि 'चाक' यांतला च वेगळा ऐकू येतो, 'जेवण' आणि 'जागा' यांतला ज वेगळा. मूल येथे अडखळले तर ते मंद नाही. उलट त्याचे कान नीट काम करत आहेत.

अंक आणि वस्तू

मराठीत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच येतो आणि मग वीस, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून मुले २५ च्या जागी ५२ लिहितात. 'एकोणतीस' म्हणजे एक उणे तीस. ऐकताना तीस ऐकू येते, लिहायचे २९. ही चूक बहुतेक मुले करतात आणि दहाचे गठ्ठे बांधून दाखवले की ती सुटते.

माझ्या नातीकडून मी शंभरपर्यंत अंक घोकून घेतले होते. पाहुण्यांसमोर म्हणायलाही लावत असे. चवथीला माटोळी बांधताना तिला म्हटले, 'नऊ सुपाऱ्या दे.' तिने ओंजळभर आणून दिल्या. तिला अंकांचे गाणे येत होते, मोजणे येत नव्हते. ते मी शिकवलेच नव्हते.

घरची भाषा, शाळेची भाषा

आपल्या भागातली पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. लिपी एकच असल्यामुळे आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण 'पाणी' हा शब्द नीट जुळवून वाचणाऱ्या मुलाच्या घरी ते 'उदक' असते, 'भात' म्हणजे 'शीत' आणि 'कुत्रा' म्हणजे 'सुणें'. शब्द वाचला तरी अर्थ मागून येतो. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी आणि थेट इंग्रजी शाळेत जाणारी मुले आणखी मोठे अंतर चालतात. अशी मुले पहिले काही महिने वर्गात गप्प बसतात आणि त्या गप्पपणावरून त्यांना 'कच्चे' ठरवले जाते. भाषेचा वाद मोठ्यांचा आहे, मुलाला त्याचा भार नको. त्याला घरच्या शब्दात उत्तर देऊ द्यावे आणि शाळेचा शब्द शेजारी ठेवावा. दोन्ही भाषा टिकतात.

घरी काय करता येईल

- रोज दहा मिनिटे गोष्ट वाचून दाखवा. मुलाला शेजारी बसवा आणि ओळीखाली बोट फिरवा.
- बसवरचे गावाचे नाव, दुकानांच्या पाट्या, देवळातला फलक वाचायला सांगा.
- ताटे मांडणे, नारळ मोजणे, बाजारात सुटे पैसे देणे ही कामे सोपवा.
- माती, पीठ, फुलांची माळ, कात्री यांनी बोटांत बळ येते. ते आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही.
- चप्पल घालणे, डबा उघडणे, लघवीला जायचे असल्यास बाईंना सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे हेही पहिलीचेच शिक्षण आहे.
- २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. पहिली-दुसरीचे दप्तर १.६ ते २.२ किलोपेक्षा जड नसावे.
- दिवाळीनंतरही मुलाला अक्षर आणि आवाज जुळवता येत नसेल, तर आधी डोळे व कान तपासून घ्या आणि शिक्षकांशी बोला. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका.

पहिलीत राहिलेली उणीव पुढच्या इयत्तांत आपोआप भरून निघत नाही, कारण तिसरीपासून सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. म्हणून 'किती येते?' हा प्रश्न बाजूला ठेवून मुलाच्या हाती एखादे नवे पुस्तक द्यावे आणि शांतपणे जवळ बसावे. नातीच्या बाबतीत मी आता तेच करतो. मार्चमध्ये तिने एक अख्खे वाक्य स्वतः वाचले. त्याला बराच वेळ लागला आणि मधे मी काही बोललो नाही.