वामनदादा कर्डक : नाममुद्रा आणि पाठपरंपरा

मुद्रित ग्रंथ हाच वाङ्मयेतिहासाचा प्रमुख आधार मानला, तर ज्या कवीची रचना प्रथम कंठातून कंठात गेली आणि पुष्कळ काळाने छापली गेली, त्याचे स्थान निश्चित करणे कठीण होते. वामन तबाजी कर्डक यांच्याविषयी नेमके हेच घडले आहे.

नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेचा लाभ त्यांना झाला नाही. अक्षरओळख झाली ती मुंबईत, कामगारवस्तीत राहत असताना, प्रौढ वयात. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. त्यापूर्वी, १९३० च्या दशकात, भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलशाची परंपरा रुजविली होती. जलशात संवाद, फार्स व गीत एकत्र येत; वामनदादांनी त्यातील गीतास स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. लोकांना आधीच ठाऊक असलेली चाल घ्यावी आणि तीवर नवा विचार आरूढ करावा, ही त्यांची रीत होती. निरक्षर श्रोत्यास चाल हेच स्मरणाचे साधन असते, हे लक्षात घेता या रीतीमागील औचित्य स्पष्ट होते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटासाठीही त्यांनी गीतलेखन केले. तथापि त्यांचे खरे व्यासपीठ गावोगावच्या जयंतीच्या सभा हेच राहिले.

भाषादृष्ट्या महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतिम कडव्यात येणारी ‘वामन’ ही नाममुद्रा. अभंगात ‘तुका म्हणे’ जे कार्य करते, तेच ती येथे करते : कागदाचा आधार नसताना कर्तृत्वाची नोंद राखते. परंतु गायकाने शेवटचे कडवे गाळले, की कर्त्याचे नाव लोपते आणि गीत ‘लोकगीत’ ठरते. त्यांचा ‘वाटचाल’ हा पहिला संग्रह १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या गीतानंतर तीस वर्षांनी आला. या दीर्घ अवधीत त्यांच्या गीतांचे रक्षण केले ते नाममुद्रेने व गायकांच्या स्मरणाने.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वसाहतींतून ‘क्वाइतो’ हा संगीतप्रकार उदयास आला. वस्तीची मिश्र बोली हाच त्याचाही प्राण होता. परंतु त्याचा प्रसार ध्वनिमुद्रणाच्या युगात झाल्याने गायकाचा आवाज व नाव गीताबरोबरच टिकून राहिले. वामनदादांच्या आरंभीच्या गीतांना हे साहाय्य लाभले नाही.

१५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. संतकाव्याच्या संपादनात हस्तलिखितांचे पाठभेद आपण काटेकोरपणे नोंदवितो. तोच न्याय या गीतांनाही मिळावयास हवा. मुद्रित संग्रहांइतकेच परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावांतील गायकांचे मुखपाठही त्या कामी साक्षीदार मानावे लागतील. गाणारी पिढी मावळण्यापूर्वी हे संकलन न झाल्यास शेवटच्या कडव्यांबरोबर कवीचे नावही गळून जाईल, आणि ती हानी कोणत्याही ग्रंथालयास भरून काढता येणार नाही.